अवयवदानाची सक्ती कोणावर?

महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेच्या सन्माननीय सदस्यांना खुले पत्र

मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा आज लागू असलेला कायदा संसदेने १९९४ मध्ये केला, पण तो दिल्लीने आपणहून केलेला नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय. राज्यघटनेच्या २५२व्या अनुच्छेदानुसार दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून विनंती केली, तर अशा विषयावर संसदेला कायदा करता येतो. तसे ठराव करणारी राज्ये तीन होती: गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. ४ फेब्रुवारी १९९५ पासून कायदा प्रथम या तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. बाकीची राज्ये मागाहून आली. मृत्यूनंतरचे अवयवदान कायद्याने सक्तीचे करावे, ही मागणी आता अधूनमधून पुढे येते. ती महाराष्ट्राच्या विधिमंडळापुढे मांडणे रास्त ठरते, कारण मूळ कायदा मागून घेणाऱ्यांत हेच सभागृह होते.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध त्याहूनही जुना आहे. कॉर्निया रोपणासाठी मुंबई राज्याने १९५७ मध्येच कायदा केला होता. मूत्रपिंडासाठी महाराष्ट्राने १९८२ मध्ये केला. फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या जगातल्या पहिल्या हृदय प्रत्यारोपणाला तीन महिनेही उलटले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. शस्त्रक्रियेचे कौशल्य मुंबईत होते. पण हृदय धडधडत असलेल्या माणसाला मृत ठरवण्याची सोय कायद्यात नव्हती. ती १९९४ मध्ये झाली. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले.

सक्ती हा शब्द या चर्चेत फार सैलपणे वापरला जातो. त्याचा सर्वांत कडक अर्थ म्हणजे मृताची किंवा नातेवाइकांची इच्छा न विचारता, नकाराची मुभाच न ठेवता अवयव काढून घेणे. सर्वसाधारण नियम म्हणून असे करणारा लोकशाही देश जगात नाही. दुसरा अर्थ गृहीत संमतीचा: हयातीत ज्याने नकार नोंदवला नाही, त्याचा होकार आहे असे धरायचे. स्पेन, फ्रान्स, ऑस्ट्रिया, सिंगापूर, इंग्लंड ही या पद्धतीची उदाहरणे; तिची अंमलबजावणी मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. तिसऱ्या अर्थी सक्ती देहावर नसते, यंत्रणेवर असते. मेंदूमृत रुग्ण ओळखायचा, तपासण्या करून मृत्यू प्रमाणित करायचा आणि कुटुंबाला विचारायचे, हे रुग्णालयाचे बंधनकारक काम ठरते. भारताच्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने या तिसऱ्या प्रकारचा अंश आला, आणि तो बहुतांशी कागदावरच राहिला. सक्ती वाढवायची असेल तर इथे वाढवावी. पहिल्या दोन प्रकारांनी महाराष्ट्रात अवयव वाढणार नाहीत, कदाचित घटतील, असे मानायला सबळ कारणे आहेत.

त्यासाठी आधी मृत्यूचा प्रकार नीट पाहावा लागतो. नेत्रदान, त्वचादान, देहदान आणि अवयवदान हे लोकांच्या बोलण्यात एकाच रांगेत बसतात, पण प्रत्यक्षात त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. डोळे आणि त्वचा घरी, अंथरुणावर आलेल्या मृत्यूनंतरही साधारण सहा तासांच्या आत घेता येतात. देहदान वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागासाठी असते. अपघाती मृत्यू किंवा शवविच्छेदन झालेला देह तिथे सहसा स्वीकारत नाहीत. हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे, स्वादुपिंड आणि आतडे यांचे दान मात्र भारतात जवळजवळ नेहमी एकाच परिस्थितीत होते. अपघात, मेंदूतला रक्तस्राव किंवा पक्षाघात यांमुळे मेंदूचा स्तंभ कायमचा निकामी झालेला असतो आणि अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरमुळे हृदय अजून चालू असते. असा एक दाता आठ जणांपर्यंत अवयव देऊ शकतो. ब्रिटनसारख्या देशातही शंभरातला जेमतेम एखादा मृत्यू अवयवदान शक्य होईल अशा स्थितीत होतो. भारतात रस्त्यांवर वर्षाला १ लाख ७० हजारांच्या आसपास माणसे मरतात. हा आकडा अवयवदानाच्या भाषणांत हमखास येतो, पण त्यातले अनेक जण घटनास्थळी, रुग्णवाहिकेत किंवा व्हेंटिलेटरच नसलेल्या दवाखान्यात प्राण सोडतात. त्यांच्यावर केलेली सक्ती कोणाच्याच उपयोगाची नसते.

मेंदूमृत्यू ठरवण्याची पद्धत कायद्याने आखून दिली आहे. चार डॉक्टरांचे मंडळ लागते: रुग्णालयाचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी, एक स्वतंत्र तज्ज्ञ, एक मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यविशारद, आणि प्रत्यक्ष उपचार करणारे डॉक्टर. मेंदूचा तज्ज्ञ उपलब्ध नसेल तर भूलतज्ज्ञ, अतिदक्षतातज्ज्ञ, शल्यविशारद किंवा फिजिशियन चालतो, अशी सवलत पुढे देण्यात आली. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कोणीही या मंडळात बसू शकत नाही. डोळ्यांवर प्रकाश टाकून बाहुल्या आकसतात का ते पाहतात, कॉर्नियाला स्पर्श करून पापणी मिटते का ते पाहतात, कानात बर्फाचे पाणी सोडून बुबुळे हलतात का ते पाहतात, घशात नळी हलवून ठसका येतो का ते पाहतात. शेवटी श्वासाची परीक्षा होते. व्हेंटिलेटर काढून नळीतून नुसता ऑक्सिजन देतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. मेंदूस्तंभात यत्किंचित जीव असेल तर या वाढीने छाती उचललीच पाहिजे. ती उचलली नाही, आणि कमीत कमी सहा तासांनी सर्व चाचण्या पुन्हा करूनही तेच दिसले, तर चौघे दहा क्रमांकाच्या नमुन्यावर सह्या करतात. कोमातला रुग्ण यापेक्षा वेगळा असतो. त्याच्या मेंदूस्तंभात जीव असतो आणि तो या परीक्षांना प्रतिसाद देतो. कोमातून परत आलेल्यांच्या गोष्टी मेंदूमृताला लागू होत नाहीत, हे समजावून सांगण्यात कुटुंबांशी बोलणाऱ्या प्रत्यारोपण समन्वयकांचा अर्धा वेळ जातो. समोर छाती वरखाली होत असते, हात गरम लागतो, मॉनिटरवर रेघ नाचत असते, आणि डॉक्टर म्हणतात माणूस गेला. नातेवाइकांचा विश्वास बसत नाही, यात त्यांच्या अडाणीपणाचा काही संबंध नाही. डोळ्यांना दिसते त्याच्या उलट मान्य करायला कोणालाही वेळ लागतो.

तो वेळच तर नसतो. मेंदूमृताचा रक्तदाब औषधांवर सांभाळावा लागतो आणि बहुधा काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत हृदय थांबते. काढलेले हृदय चार ते सहा तासांत बसवावे लागते, यकृत साधारण बारा तासांत, मूत्रपिंड चोवीस तासांपर्यंत चालते. वाहतूक थांबवून रुग्णवाहिकेला मोकळा रस्ता देणारे ग्रीन कॉरिडॉर पुणे-मुंबई मार्गावर आता अनेकांनी पाहिलेले आहेत. त्यांच्यावर बातम्या होतात, टाळ्या वाजतात. त्याआधीचे बारा-पंधरा तास अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर काय झाले, यावर मात्र बातमी होत नाही. आणि दान होणार की नाही ते तिथेच ठरलेले असते.

सध्याचा कायदा संमतीविषयी काय म्हणतो, हे वाचले तर थोडे आश्चर्य वाटते. दोन साक्षीदारांसमोर, त्यांतला एक जवळचा नातेवाईक असताना, एखाद्याने हयातीत दानाची लेखी इच्छा नोंदवली आणि नंतर ती मागे घेतल्याचे दिसत नसेल, तर ज्याच्या ताब्यात देह आहे त्याने अवयव काढण्यास सर्व सोयी उपलब्ध करून द्याव्यात, असे तिसरे कलम स्पष्ट सांगते. म्हणजे कायद्याच्या अक्षराप्रमाणे प्रतिज्ञापत्रच पुरेसे आहे. व्यवहारात मात्र कुटुंबाची सही असल्याशिवाय देशातला कोणताही शल्यविशारद सुरी उचलत नाही. लेखी इच्छा नसेल तर निर्णय सरळ नातेवाइकांकडेच जातो. त्यामुळे वाहन परवान्याच्या अर्जात खूण केलेली असो, अवयव प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाने नोंद झालेली असो, ती व्यक्तीने घरी सांगितली नसेल तर त्या नोंदीला फारसा अर्थ उरत नाही.

याच कायद्याचे पाचवे कलम तर सक्तीच्या अगदी जवळ जाते. रुग्णालयात किंवा तुरुंगात मृत्यू झाल्यावर ४८ तासांत देहावर कोणी हक्क सांगितला नाही, तर अवयव काढण्याची परवानगी संबंधित व्यवस्थापन देऊ शकते. कागदावर हे कलम कठोर दिसते. प्रत्यक्षात ४८ तासांनी कोणताही मोठा अवयव उपयोगाचा राहत नाही, कॉर्नियाची मुदतही केव्हाच संपलेली असते. ज्यांच्यामागे कोणी नाही अशांच्या देहांकडे पुरवठ्याचा स्रोत म्हणून पाहण्याची वृत्ती तेवढी त्यात नोंदली गेली आहे. सरसकट सक्तीचा कायदा आला तर त्याची अंमलबजावणी प्रथम कोणावर होईल, याचा अंदाज या कलमावरून बांधता येतो.

सक्तीच्या बाजूचा सर्वांत मजबूत युक्तिवाद शवविच्छेदनाचा आहे. संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूत पोलीस देह शवविच्छेदनाला पाठवतात, तेव्हा कोणाची संमती घेत नाहीत. धर्माच्या नावावर सूट मिळत नाही. पूर्वीची फौजदारी प्रक्रिया संहिता असो वा १ जुलै २०२४ पासून आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, हा अधिकार कायम आहे. मृत्यूचे कारण शोधण्यासाठी देह उघडता येतो, तर दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी का नाही? मृताला त्याने काही तोटा होत नाही आणि प्रतीक्षा यादीतल्या माणसाला आयुष्य मिळते. हा युक्तिवाद हलका समजू नये. पण दोन्ही गोष्टींत एक मूलभूत फरक आहे. शवविच्छेदन मृत्यूनंतर सुरू होते. तो कधी झाला याविषयी कोणाच्या मनात शंका नसते आणि तो लवकर जाहीर करण्यात कोणाचा फायदा नसतो. अवयवदानात मृत्यू झाला असे सांगणारी आणि त्यानंतर देहातून काही घेणारी संस्था बहुधा एकच असते. मंडळ वेगळे ठेवले तरी इमारत तीच, बिल तेच. संमती हा इथे शिष्टाचार नाही. संशयाविरुद्धची ती एकमेव भिंत आहे. ती काढली तर प्रत्येक अतिदक्षता विभागाच्या दारात एकच प्रश्न उभा राहील: रुग्ण खरोखर गेला, की नेला?

सक्तीला घटनेचाही अडथळा आहे. व्यक्तीचा सन्मान मृत्यूबरोबर संपत नाही, मृतदेहालाही तो लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणापासून मानले आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने स्वतःच्या शरीराविषयीचे निर्णय खासगीपणाच्या मूलभूत हक्कात आणले. त्यावर अंत्यविधीच्या धार्मिक स्वातंत्र्याचा मुद्दा येतोच. अमेरिकेतल्या काही राज्यांनी शवविच्छेदनाला आलेल्या देहांचे कॉर्निया नातेवाइकांना न विचारता काढण्याची मुभा कायद्याने दिली होती. सर्वसाधारण लोकशाहीत खऱ्या सक्तीचा हा जवळात जवळचा प्रयोग. ओहायोतल्या एका विधवेने रुग्णालयात दानाला स्पष्ट नकार दिला होता, तरीही शवागारात पतीचे कॉर्निया काढले गेले. १९९१ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला: पतीच्या देहावरचा तिचा हक्क योग्य प्रक्रियेविना हिरावता येणार नाही. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने काही वर्षे आधी नेमके उलट म्हटले होते. कॉर्निया काढल्याने देहाचे रूपही बदलत नाही. तिथे जर एवढे वाद झाले, तर धडधडत्या हृदयाविषयी काय होईल हे वेगळे सांगायला नको.

गृहीत संमतीकडे पाहताना सगळे स्पेनचे नाव घेतात. स्पेनमध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे मृत दात्यांची संख्या गेल्या काही वर्षांत पन्नासच्या आसपास आहे. भारतात ती एकाच्याही खाली आहे. स्पेनचा गृहीत संमतीचा कायदा १९७९ चा. त्यानंतरच्या दहा वर्षांत, १९८९ पर्यंत, हा आकडा चौदाच्या आसपासच पोचला होता. कायदा तोच राहिला आणि पुढच्या दहा वर्षांत आकडा तीसच्या पलीकडे गेला, कारण १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिली. डॉ. राफाएल मातेसान्स यांच्या नेतृत्वाखाली रुग्णालयारुग्णालयांत समन्वयक नेमले गेले. हे समन्वयक बहुतेक अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर होते, अर्धा वेळ या कामाला दिलेले. विभागात झालेल्या प्रत्येक मृत्यूची नंतर तपासणी होऊ लागली: दाता होऊ शकला असता का, ओळखला गेला का, कुटुंबाला विचारले का, नकार आला तर का आला. आणि कुटुंबाला विचारणे तिथे कधीच बंद झाले नाही. नकार आला तर अवयव घेत नाहीत. आपल्या यशाचे श्रेय गृहीत संमतीच्या कायद्याला नाही, असे मातेसान्स स्वतः सांगत आले. एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. स्पेनच्या आकड्यात हृदय थांबल्यानंतर घेतलेल्या अवयवांचा वाटा मोठा आहे. उपचार थांबवण्याचा निर्णय आधी शांतपणे घेता आला, तरच ते बहुधा जमते. भारतात तो निर्णय घ्यायलाच डॉक्टर बिचकतात.

वेल्सने गृहीत संमती डिसेंबर २०१५ पासून आणली, सोबत घरोघरी प्रचार केला, आणि सुरुवातीच्या वर्षांत कुटुंबांचे होकार वाढले. इंग्लंडने ती २० मे २०२० रोजी, महासाथीच्या ऐन भरात आणली. ब्रिटनभरात कुटुंबांच्या होकाराचे प्रमाण त्याआधी ६८ टक्क्यांच्या आसपास होते, चार वर्षांनी ते ६१ टक्क्यांवर आले. हयातीत काहीच न बोललेल्या माणसाच्या मौनाला कायदा होकार म्हणतो, पण मुलाला किंवा पत्नीला त्या मौनातून काही उमजत नाही. उलट स्वतः नोंदवलेली इच्छा दाखवली की नकार देणे जड जाते. सिंगापूरचा कायदा १९८७ चा आणि जगातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी. नकार न नोंदवणाऱ्याचे अवयव नातेवाइकांच्या विरोधातही घेता येतात, आणि नकार नोंदवणारा स्वतः आजारी पडला तर प्रतीक्षा यादीत मागे जातो. मुस्लिमांना आधी वगळले होते, २००८ मध्ये त्यांनाही आणले. एवढे करून सिंगापूरचा दर दहा लाखांमागे एक आकडीच राहिला आहे.

महाराष्ट्राशी सर्वांत जवळची तुलना मात्र ब्राझीलची होते. मोठी लोकसंख्या, तीव्र विषमता, सरकारी रुग्णालयांवर गर्दी आणि खासगी रुग्णालयांबद्दल शंका, ही स्थिती दोन्हीकडे सारखी. १९९७ मध्ये ब्राझीलने गृहीत संमतीचा कायदा केला. नकार ओळखपत्रावर नोंदवायचा होता. गरीब वस्त्यांत अशी धास्ती पसरली की अवयवांसाठी माणसाला मृत्यूआधीच मृत ठरवतील. नकार नोंदवायला रांगा लागल्या; डॉक्टरांच्या संघटनांनीही विरोध केला. १९९८ मध्येच सरकारला गृहीत संमती मागे घ्यावी लागली आणि कुटुंबाची परवानगी परत आली. नकाराची नोंद एकदा ओळखपत्रावर बसली की ती पुसून काढायला कोणी परत कचेरीत जात नाही. ज्या समाजात रुग्णालयावरचा भरवसा आधीच पातळ आहे, तिथे सक्तीने मिळतात त्यापेक्षा जास्त दाते गमावले जातात.

देशातल्या देशात पाहिले तर हेच अधिक ठळक दिसते. कायदा सगळीकडे जवळजवळ सारखाच, संमतीचे नियमही सारखेच. तरी २०२३ मध्ये तेलंगणात मृत दाते सुमारे अडीचशे होते, तमिळनाडू व कर्नाटकात प्रत्येकी पावणेदोनशेच्या घरात, आणि महाराष्ट्रात दीडशेच्या आत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख, तेलंगणाच्या प्रदेशाची साडेतीन कोटी. फरक दातृत्वाचा नाही. तमिळनाडूने २००८ मध्ये सरकारी आदेशांची मालिका काढून मेंदूमृत्यू प्रमाणित करणे बंधनकारक केले, अवयववाटपाची पद्धत ठरवली, सरकारी रुग्णालये त्यात आणली. त्याच वर्षी एका डॉक्टर दांपत्याने अपघातात मेंदूमृत झालेल्या आपल्या किशोरवयीन मुलाचे अवयव दिले, तेव्हा लोकांच्या भावनेला उत्तर द्यायला यंत्रणा तयार होती. २०२३ पासून तिथे दात्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होतात. महाराष्ट्रातही मेंदूमृत्यू जाहीर करण्याविषयी २०१२ मध्ये आदेश निघाले. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय समन्वय समित्या आहेत, पश्चिम भारताचे प्रादेशिक केंद्र केईएममध्ये आहे. समित्या कामसू आहेत. पण जे रुग्णालय त्यांना कळवतच नाही, तिथे त्या काय करणार? नोंदणी झालेल्या प्रत्यारोपण केंद्रांबाहेर, जिल्ह्याच्या गावात ज्या शेकडो अतिदक्षता खाटा आहेत, तिथले मेंदूमृत रुग्ण बहुधा कोणत्याच यादीत येत नाहीत.

न कळवण्याचे कारण आळस एवढेच नाही. त्याच्या मुळाशी कायद्यातली एक विचित्र फट आहे. १९९४ च्या कायद्यात मृत्यूच्या व्याख्येत मेंदूस्तंभाचा मृत्यू आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात तो शब्दच नाही. तिथे मृत्यू म्हणजे जीविताची सर्व चिन्हे कायमची नाहीशी होणे. त्यामुळे दानाला होकार मिळाला तर मेंदूमृत माणूस कायद्याने मृत असतो. नकार मिळाला तर डॉक्टर व्हेंटिलेटर काढायला धजत नाहीत, आणि तोच माणूस त्याच खाटेवर हृदय थांबेपर्यंत जिवंत धरला जातो. दिवसाचे भाडे, औषधे, सगळे चालू. याहून मोठा संशय कोणी मुद्दाम ठरवूनही निर्माण करू शकले नसते. मृत्यू अवयव हवे असतील तेव्हाच ठरतो, असा अर्थ नातेवाईक काढतात आणि तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येत नाही. केरळने २०२० मध्ये मेंदूमृत्यू प्रमाणित करण्याच्या मार्गदर्शक सूचना अवयवदानापासून अलग काढल्या. दान होवो न होवो, मृत्यू हा मृत्यूच. अवयव वाढवणारा एखादा कायदा खरोखर हवा असेल तर तो हा आहे, आणि त्यात अवयव हा शब्द येण्याची गरजही नाही.

अविश्वासाचे दुसरे मूळ पैशात आहे. देशातली बहुतेक प्रत्यारोपणे खासगी रुग्णालयांत होतात. दाता सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागातून येऊ शकतो, पण यकृत किंवा हृदय बसवून घेण्याचा खर्च आणि त्यानंतर आयुष्यभर घ्यायची औषधे परवडणारा घेता बहुधा वेगळ्या वर्गातला असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा समावेश आहे, तो अपवाद मोलाचा. सक्तीचा कायदा या विषमतेवर बसवला तर तो गरिबांच्या देहांवरचा कर ठरेल. जिवंत दात्यांचे चित्र याहून बोलके आहे. २०२३ मध्ये देशात झालेल्या सुमारे १८ हजार प्रत्यारोपणांमागे मृत दाते फक्त ११०० च्या आसपास होते. उरलेला भार जिवंत नातेवाइकांनी उचलला, आणि त्या जिवंत दात्यांत सुमारे ६३ टक्के स्त्रिया होत्या: आई, बायको, बहीण. मृत दाते मिळत नाहीत म्हणून घरातल्या बाईवर येणारा दबाव हीसुद्धा सक्तीच आहे. तिची नोंद कोणताही नमुना घेत नाही.

विधिमंडळाच्या हातात काय आहे, हेही नेमके पाहायला हवे. १९९४ चा कायदा २५२व्या अनुच्छेदाखाली झालेला असल्यामुळे महाराष्ट्राला त्यात स्वतःहून दुरुस्ती करता येत नाही. ठराव करून संसदेकडेच जावे लागते. त्यामुळे सक्तीचे अशासकीय विधेयक इथे मांडले तरी ते याच घटनात्मक भिंतीवर अडेल. जन्म-मृत्यूची नोंदणी मात्र समवर्ती सूचीत आहे. तिथे राज्याला दुरुस्ती करता येते, राष्ट्रपतींची संमती घेऊन ती केंद्रीय कायद्यापेक्षा वेगळीही ठेवता येते. मेंदूस्तंभाच्या मृत्यूला त्या व्याख्येत स्थान देण्याचे काम मुंबईत सुरू होऊ शकते. खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली राज्यच करते. व्हेंटिलेटरची खाट असलेल्या प्रत्येक रुग्णालयाने मेंदूमृत्यूची शंका येताच विभागीय समितीला कळवायचे, ही अट नोंदणी व नूतनीकरणाला जोडता येते. छोट्या गावात चार डॉक्टरांचे मंडळ जमत नसेल तर जिल्हा रुग्णालयातून फिरते मंडळ पाठवता येते. त्याचा खर्च किरकोळ आहे.

गृह विभागाचाही यात वाटा आहे. मेंदूमृतांत अपघातांची संख्या मोठी असल्याने पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन टळत नाही. अवयवदानासाठी सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करण्यास केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली. तरी हद्द कोणत्या पोलीस ठाण्याची, ना-हरकत कोणी द्यायची, न्यायवैद्यक डॉक्टर शस्त्रक्रियागृहात येणार की देह त्याच्याकडे न्यायचा, यात रात्र निघून जाते आणि होकार दिलेले कुटुंबही शेवटी कंटाळून देह मागते. न्यायवैद्यक तज्ज्ञाने अवयव काढतानाच हजर राहून तपासणी पूर्ण करायची, एवढा एक आदेश जिल्ह्याजिल्ह्यांत पाळला गेला तरी हातातले दाते निसटणार नाहीत.

राहतो प्रश्न हयातीत प्रतिज्ञापत्र भरलेल्या माणसाचा. कायदा त्याच्या बाजूने आहे आणि व्यवहार त्याच्या नातेवाइकांच्या. रडत्या आईला बाजूला करून कोणी शस्त्रक्रिया करावी, असे कायद्यात लिहून उपयोग नाही. पण प्रतिज्ञापत्र असूनही कुटुंबाने नकार दिला, तर तो लेखी आणि कारणासह घेता येतो. प्रतिज्ञापत्र नसेल तेव्हाही प्रत्येक नकाराचे कारण नावाशिवाय नोंदवता येते. पाहुणे पोचायचे होते, देह रात्री ताब्यात हवा होता, पुढच्या जन्मी व्यंग येईल अशी भीती होती, बिलाचा वाद होता, डॉक्टर नीट बोलले नाहीत, की माणूस गेला यावरच विश्वास बसला नाही: यांतले काय किती वेळा घडते, हे महाराष्ट्राला विभागवार कळायला हवे. अतिदक्षता विभागांतील सर्व मृत्यूंच्या तपासणीसह या नोंदींचा अहवाल सार्वजनिक आरोग्य विभागाने दरवर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनात दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावा, आणि ज्या रुग्णालयांनी वर्षभरात एकदाही कळवले नाही त्यांची यादी त्याला जोडावी.